डेस्कटॉपमधील हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवताना

संगणक सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसतो खरा, पण त्यानंतरही कित्येक मिनिटे ब्राउझर उघडत नाही, कॅबिनेटमधून हार्ड डिस्कची करकर ऐकू येत राहते आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’च्या रकान्यातील शंभर टक्के हा आकडा खाली उतरायला तयार नसतो. अशी लक्षणे दिसत असतील, तर नवा संगणक घेण्याआधी एसएसडीचा, म्हणजे माहिती चकतीऐवजी मेमरी चिपांत साठवणाऱ्या ड्राइव्हचा, विचार करावा. हार्ड डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते. हवी असलेली माहिती हेडखाली (माहिती वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकण्यासाठी आणखी ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या असतील, तर हार्ड डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच मागण्या पुऱ्या करू शकते, आणि विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो छोट्या मागण्या होत असतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हीच मागणी एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही लवकर पुरी होते.

मात्र अपेक्षा योग्य जागी ठेवाव्यात. रॅम अपुरी असेल, इंटरनेट मंद असेल किंवा व्हिडिओ रेंडर करताना प्रोसेसरच थकत असेल, तर एसएसडीने त्यात फारसा फरक पडणार नाही.

हे काम स्क्रू ड्रायव्हरचे कमी आणि आधी घ्यायच्या निर्णयांचे जास्त आहे. प्रत्यक्ष जोडणी अर्ध्या तासाच्या आत होते; बहुतेकांचे दिवस वाया जातात ते चुकीच्या प्रकारची एसएसडी आणल्यामुळे किंवा बूटचा, म्हणजे डिस्कवरून विंडोज सुरू होण्याचा, घोळ झाल्यामुळे. म्हणून सुरुवातीलाच एक नियम पक्का करावा: नवी एसएसडी काही दिवस विनातक्रार चालल्याशिवाय जुन्या डिस्कवरील एकही फाइल पुसायची नाही. काहीही बिघडले तरी जुनी डिस्क पुन्हा जोडून संगणक पूर्ववत सुरू करता आला पाहिजे. पुढचे सगळे टप्पे या एका नियमाभोवती रचलेले आहेत.

१. आपल्या संगणकात काय बसते ते आधी पाहा

बाजारात एसएसडी प्रामुख्याने तीन प्रकारांत मिळते. पहिली २.५ इंची साटा एसएसडी. ती चपट्या डबीसारखी दिसते आणि हार्ड डिस्कच्याच केबलींना जोडली जाते. दुसरी एम.२ आकाराची साटा एसएसडी आणि तिसरी एम.२ आकाराचीच एनव्हीएमई एसएसडी, जी साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयई) या वेगवान मार्गाने जोडली जाते. शेवटच्या दोन्ही च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या असतात आणि थेट मदरबोर्डवर बसतात. त्यांचा आकार बहुधा २२८० या आकड्याने सांगितला जातो. त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब इतकाच आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती या दोन एम.२ प्रकारांत. दिसायला त्या जवळजवळ सारख्या असतात, पण काही स्लॉट फक्त साटा स्वीकारतात, काही फक्त एनव्हीएमई आणि काही दोन्ही. एसएसडी स्लॉटमध्ये व्यवस्थित बसली म्हणजे ती चालेलच, असे समजू नये. विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून मदरबोर्डचे नेमके मॉडेल लिहून घ्यावे, त्याची पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि एम.२ स्लॉटचे पान नीट वाचावे. त्याच पानावर बहुधा बारीक अक्षरांत आणखी एक सूचना असते: एम.२ स्लॉट वापरल्यास अमुक क्रमांकाचे साटा पोर्ट बंद पडतात. ती न वाचता एसएसडी बसवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी डीव्हीडी ड्राइव्ह किंवा दुसरी डिस्क अचानक ‘गायब’ झालेली दिसते आणि तो उगाच केबल बदलत बसतो.

मदरबोर्ड जुना असेल, तर तो एनव्हीएमईवरून बूट करू शकतो का, हेही तपासावे. सर्वसाधारणपणे २०१४च्या आधीच्या मदरबोर्डांना हे जमत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये अडॅप्टर लावून अशी एसएसडी विंडोजला दिसेल, पण तिच्यावरून संगणक सुरू होणार नाही.

‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्येच ‘बायोस मोड’ या नावापुढे ‘यूईएफआय’ किंवा ‘लेगसी’ (संगणक सुरू होण्याची अनुक्रमे नवी आणि जुनी पद्धत) असे लिहिलेले असते. तेही टिपून ठेवा. पाचव्या टप्प्यात त्याची गरज लागेल.

२. एसएसडी निवडा

जुन्या संगणकासाठी माझे मत स्पष्ट आहे: शंका असेल तर २.५ इंची साटा एसएसडी घ्यावी. साटाची कमाल मर्यादा प्रत्यक्षात सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास आहे आणि पीसीआयई ३.० वरील एनव्हीएमई सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत जाते, हे खरे. तरीही हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, त्याच्या तुलनेत पुढचा फरक रोजच्या वापरात अगदी थोडा असतो. मोठ्या व्हिडिओ फायलींची सतत हलवाहलव करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मदरबोर्ड एनव्हीएमईला सरळ पाठिंबा देत असेल, तर मात्र तीच घ्यावी, कारण केबलींचा प्रश्नच उरत नाही.

क्षमता ठरवताना सध्या वापरात असलेली जागा पाहावी आणि भविष्याची भर धरूनही पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहील असा आकडा निवडावा. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसली, तर ती फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत.

खोक्यावरील वेगाच्या आकड्यांपेक्षा आत कोणत्या प्रकारची मेमरी आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. टीएलसी (मेमरीच्या एका पेशीत तीन बिट) प्रकार रोजच्या कामाला उत्तम. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त पडतो, पण एकाच वेळी खूप माहिती लिहायला घेतली की त्याचा वेग कमालीचा घसरू शकतो. शक्य असेल तर डीरॅम कॅश (कोणती माहिती कुठे आहे याची नोंद ठेवणारी जलद मेमरी) असलेली साटा एसएसडी घ्यावी. टिकाऊपणाची धास्ती बाळगू नये. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीला अनेकदा ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज १०० जीबी लिहिले तरी ती मर्यादा गाठायला सोळा वर्षे लागतील. खरी धास्ती बनावट मालाची बाळगावी. अनोळखी नावाची, अविश्वसनीय स्वस्त आणि अवाढव्य क्षमतेची एसएसडी दिसली, तर आत छोटी मेमरी आणि खोटा आकडा सांगणारे सॉफ्टवेअर असण्याची शक्यता असते. अशी एसएसडी सुरुवातीला फायली स्वीकारते आणि नंतर जुन्या फायलींवरच नव्या लिहीत जाते.

३. साहित्य आणि माहिती गोळा करा

साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि बॅकअपसाठी बाहेरची डिस्क एवढे सगळ्यांनाच लागते. २.५ इंची एसएसडीसाठी याशिवाय साटा डेटा केबल, चार छोटे स्क्रू आणि कॅबिनेटमध्ये २.५ इंची जागा नसल्यास ३.५ इंचीच्या जागेत बसणारा ब्रॅकेट लागतो. ही केबल एसएसडीच्या खोक्यात बहुतेक वेळा येत नाही. एम.२साठी एकच चिमुकला स्क्रू लागतो. तो मदरबोर्डच्या खोक्यात आलेला असतो आणि नेमका हरवलेला असतो, तेव्हा एसएसडीबरोबरच तो मागून घ्यावा.

वस्तूंपेक्षा महत्त्वाची आहे ती माहिती. पुढील गोष्टी कागदावर लिहून ठेवा, कारण संगणक बंद असताना त्यातील फाइल उघडता येणार नाही:

– मायक्रोसॉफ्ट खात्याचा पत्ता व पासवर्ड;
– बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की;
– विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की आणि ती एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर घालण्याची पद्धत;
– संगणक हमीच्या मुदतीत असल्यास त्याचे बिल आणि कॅबिनेट उघडल्याने हमी जाते का, याची खातरजमा.

४. बॅकअप घ्या आणि जुन्या डिस्कची तब्येत तपासा

क्लोन, म्हणजे एका डिस्कची दुसरीवर उतरवलेली हुबेहूब प्रत, हा बॅकअप नव्हे. क्लोन करताना मूळ डिस्क आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली, तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते आणि काही सेकंदांत सगळे संपते. म्हणून कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या फायली आणि ब्राउझरमधील पासवर्ड आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत, त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मग ती डिस्क काढून बाजूला ठेवावी.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहावा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ (बिघडल्याने बदलून घेतलेल्या जागा) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. दुसऱ्या ओळीत शून्याव्यतिरिक्त आकडा असेल, तर काही जागा डिस्कला वाचताच येत नाहीत असा त्याचा अर्थ होतो. अशा डिस्कचा क्लोन मध्येच अडकतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने ती आणखी खचते. तेव्हा महत्त्वाच्या फायली काढून घेऊन एसएसडीवर विंडोज नव्याने घालणे शहाणपणाचे. फायलीच निघत नसतील, तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन वाचता येणारा भाग आधी काढून घेते आणि हट्टी जागांकडे नंतर वळते.

क्लोन करणार असाल, तर बिटलॉकर तात्पुरता थांबवावा किंवा पूर्ण काढावा आणि विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ (लवकर सुरू होण्यासाठी संगणक पूर्ण बंद न करण्याची सोय) बंद करावे.

५. क्लोन करायचा की विंडोज नव्याने घालायचे?

क्लोन केल्यास जुना संगणक जसाच्या तसा, त्याच सॉफ्टवेअरसह आणि त्याच कचऱ्यासह नव्या एसएसडीवर येतो. नव्याने विंडोज घातल्यास संगणक स्वच्छ होतो, पण प्रत्येक सॉफ्टवेअर आणि प्रिंटर पुन्हा बसवावे लागते. ज्यांच्याकडे मूळ इन्स्टॉलर उरलेले नाहीत असे हिशेबाचे किंवा व्यवसायाचे सॉफ्टवेअर आहे, त्यांनी क्लोनच करावा. बाकीच्यांनी, विशेषतः तीच विंडोज बरीच वर्षे वापरणाऱ्यांनी, एक दिवस खर्च करून नव्याने सुरुवात करावी असे मला वाटते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे संगणक टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि इतर अटी पुऱ्या करत असेल, तर याच वेळी विंडोज ११ घालणे सोयीचे. लायसन्सची चिंता बहुधा करावी लागत नाही. विंडोज १० आणि ११ चे डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेले असते. फक्त डिस्क बदलल्याने ते जात नाही. स्थापनेच्या वेळी की विचारली, तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडून पूर्वीचीच आवृत्ती घालावी.

आता ‘बायोस मोड’ची नोंद काढा. ‘लेगसी’ असेल, तर जुन्या डिस्कवरील पार्टिशनची (डिस्कच्या भागांची) मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे आणि तिचा क्लोनही तसाच होईल. साटा एसएसडीवर तो चालतो. एनव्हीएमईवर मात्र यूईएफआय आणि जीपीटी ही नवी मांडणी हवी. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणारे साधन आलेले आहे, तरीही नवख्या माणसाने क्लोन आणि रूपांतर अशी दोन जोखमीची कामे एकाच बैठकीत करू नयेत.

६. एसएसडी बसवा

संगणक ‘शट डाउन’ करा, एसएमपीएसच्या (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीच्या) मागचे बटण बंद करा, वीज केबल काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला भार निघून जाईल. आत हात घालण्यापूर्वी आणि काम चालू असताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करत राहावे.

२.५ इंची एसएसडीला दोन केबली लागतात: मदरबोर्डकडून येणारी अरुंद डेटा केबल आणि एसएमपीएसकडून येणारी रुंद पॉवर केबल. दोन्हींच्या तोंडाला इंग्रजी एल आकाराची खाच असते, त्यामुळे त्या एकाच बाजूने बसतात. जोर लावावा लागत असेल, तर केबल उलटी धरली आहे असे समजावे.

पॉवर केबल अपुरी पडली, तर मात्र घाई करू नये. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबली एकसारख्या दिसतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही. दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावल्यास पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन नवी एसएसडी आणि जुनी डिस्क दोन्ही क्षणात जळू शकतात. साच्यात ओतलेल्या तोंडाच्या स्वस्त मोलेक्स-साटा अडॅप्टरमध्ये आतल्या तारांचा शॉर्ट होऊन आग लागल्याचे प्रकार घडलेले आहेत. त्यांच्याही वाटेला जाऊ नये.

एम.२ एसएसडी बसवताना आधी स्लॉटसमोरचा उभा पितळी खुंट योग्य छिद्रात, म्हणजे ८० आकड्यापाशी, आहे का ते पाहा. एसएसडी सुमारे तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. सोडल्यावर ती तशीच तिरपी उभी राहते. बरेच जण इथे घाबरतात, पण ते योग्यच आहे. बोटाने हलकेच आडवी दाबून स्क्रू लावावा आणि तो अडला की थांबावे. मदरबोर्डवर धातूचे आवरण असेल, तर त्याच्या आतील थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नये. एसएसडीवरचे स्टिकर मात्र काढू नये. त्याने हमी जाऊ शकते.

७. क्लोन करणार असाल तर

दोन्ही डिस्क जोडून नेहमीप्रमाणे जुन्या डिस्कवरून संगणक सुरू करा. अनेक एसएसडी उत्पादक स्वतःचे क्लोनिंग सॉफ्टवेअर मोफत देतात. ते नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारे क्लोनझिला वापरता येते, मात्र नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर ते सहसा नकार देते. मूळ आणि लक्ष्य डिस्क निवडताना ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ या क्रमांकांवर विसंबू नये. मॉडेलचे नाव आणि क्षमता मोठ्याने वाचून खात्री करावी. केवळ ‘सी’ न निवडता बूटची छोटी पार्टिशनेही निवडली आहेत ना, हे पाहावे, नाही तर फायली सगळ्या येतील आणि संगणक सुरू होणार नाही.

क्लोन संपताच संगणक बंद करावा आणि जुन्या डिस्कची डेटा केबल काढून टाकावी. पहिला बूट फक्त एसएसडीवरूनच व्हायला हवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या, तर संगणक पुन्हा जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि आपण मात्र ‘एसएसडीने काही फरक पडला नाही’ असे समजून बसतो.

८. विंडोज नव्याने घालणार असाल तर

पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करा आणि स्थापनेपूर्वी जुन्या डिस्कची केबल काढा. ही पायरी ऐच्छिक समजू नये. जुनी डिस्क जोडलेली असताना स्थापना केल्यास विंडोज एसएसडीवर जाते, पण बूटच्या फायली अनेकदा जुन्या डिस्कवर आधीच असलेल्या पार्टिशनमध्येच लिहिल्या जातात. काही महिने सगळे सुरळीत चालते. ज्या दिवशी जुनी डिस्क काढली जाते किंवा बिघडते, त्या दिवशी धडधाकट एसएसडी असूनही संगणक सुरू होत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, साटा मोड ‘एएचसीआय’ असल्याची खात्री करा. इन्स्टॉलरला एनव्हीएमई एसएसडी दिसतच नसेल आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर बायोसमधील ‘व्हीएमडी’ हा पर्याय बहुधा चालू असतो. तो बंद करावा किंवा त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून द्यावा. रिकाम्या एसएसडीवर स्वतः पार्टिशन पाडत बसण्याचे कारण नाही. मोकळी जागा निवडून पुढे गेले की विंडोज ते काम करते.

९. संगणक सुरू झाल्यावर

बायोसमध्ये बूट क्रमात पहिल्या स्थानी नवी एसएसडी ठेवा; यूईएफआय संगणकात तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ असे नाव दिसते. बूट डिस्क सापडत नाही असा संदेश आला, तर केबल, बूट क्रम आणि लेगसी-यूईएफआयचा मेळ या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसल्यास साटा मोड पूर्वी होता तोच ठेवून पाहावा.

मोठ्या एसएसडीवर क्लोन केला असेल, तर उरलेली जागा ‘अनॲलोकेटेड’ म्हणून पडून असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ निष्क्रिय दिसले, तर ‘सी’ आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवे आलेले असते; ते शेवटी हलवण्यासाठी पार्टिशन सांभाळणारे वेगळे साधन लागते. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये एसएसडीसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले असावे. असे असेल तर विंडोज वेळोवेळी आपणहून ट्रिम करते, म्हणजे पुसलेल्या फायलींच्या जागा एसएसडीला कळवते, आणि एसएसडी ‘वेगवान’ करून देणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरची काहीच गरज नाही. याच ट्रिममुळे पुसलेली फाइल एसएसडीवरून परत मिळवणे हार्ड डिस्कच्या मानाने फार अवघड असते, त्यामुळे बॅकअपची सवय मोडू देऊ नये.

१०. जुन्या डिस्कचे काय करायचे?

पंधरा दिवस ती केबल काढून तशीच ठेवावी. त्या काळात प्रत्येक नेहमीचे काम एकदा तरी करून पाहावे: छपाई, हिशेबाचे सॉफ्टवेअर, स्कॅनर, जुन्या फायली. सगळे ठीक असेल, तर ती पुन्हा जोडावी. क्लोन केला असल्यास विंडोज तिला ‘ऑफलाइन’ दाखवू शकते, कारण दोन्ही डिस्कची अंतर्गत ओळख एकच असते. डिस्क मॅनेजमेंटमधून ती ‘ऑनलाइन’ करता येते. तिच्यावरील जुनी बूट पार्टिशने तिथून पुसली जात नाहीत. त्यासाठी डिस्कपार्ट या विंडोजच्या आदेशांवर चालणाऱ्या साधनातील ‘क्लीन’ हा आदेश वापरावा लागतो, आणि तो कोणतीही खात्री न विचारता निवडलेली डिस्क रिकामी करतो, म्हणून त्याआधी क्षमता पाहून योग्य डिस्क निवडल्याची दोनदा खात्री करावी. सहाशे-सातशे जीबीचे चित्रपट आणि छायाचित्रे ठेवायला ही डिस्क अजूनही उत्तम आहे. पेंडिंग सेक्टर दाखवणारी असेल, तर मात्र एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नये. ती कुणाला द्यायची किंवा विकायची असेल, तर नुसते ‘क्विक फॉरमॅट’ पुरत नाही, त्यानंतरही फायली परत मिळवता येतात. त्याऐवजी ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, म्हणजे संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, तेव्हा हे काम रात्री लावून ठेवावे.